गुरूच्या नावाचा रकाना

बाई, आज दुपारी टपालानं विद्यापीठाचं जाडजूड पाकीट आलं. आमच्या संगीत शाळेतून शिकून गेलेल्यांचं एक पुस्तक निघणार आहे, त्यासाठी चार पानांचा फॉर्म पाठवलाय. जन्मगाव, वाद्य, कुठं कुठं वाजवलं, किती जणांना शिकवलं, सगळं भरून झालं. वाद्याच्या जागी ‘ट्यूबा’ लिहिताना मला हसू आलं. तुम्ही त्याला कधी ट्यूबा म्हटलं नाही, आणि ब्रह्मपुरी सोडेपर्यंत मीही म्हटलं नाही. आपल्यासाठी तो बास होता, आणि वरातीमागं धावणाऱ्या पोट्ट्यांसाठी भोंगा. तिसऱ्या पानावर मात्र पेन थांबलं. तिथं छापलंय, ‘गुरूचे पूर्ण नाव’. हा रकाना मी आयुष्यात एकदा आधी भरलाय, आणि खोटा भरलाय. तुम्हाला जाऊन तीसच्या वर वर्षं झाली. या खेपेला तिथं तुमचंच नाव जाणार, हे मी ठरवून टाकलंय, आणि एकदा ठरवलं की मागं फिरायचं नाही ही खोड मला तुमच्याकडूनच लागली. पण नाव लिहिण्याआधी तुमच्याशी चार गोष्टी सरळ बोलायला हव्यात.

तुमचे मालक, आपल्या बँडचे मास्तर, गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि तुमच्या भाताच्या बांधीला लागून असलेल्या आमच्या बांधीत नांगर धरत होतो. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बँडची सगळी माणसं तुमच्या ओसरीवर बसली होती. मीही आमच्या बाबांबरोबर आलो होतो. कलारनेटवाले भाऊ म्हणाले, “मास्तर गेले, बँड गेला. आता जो तो आपापलं पाहा.” बासवाला तर आधीच नागभीडच्या बँडात गेला होता. तुम्ही स्वयंपाकघरातून आलात, हाताला भाताची शितं तशीच होती. तुम्ही म्हणालात, “पुढच्या वैशाखातल्या तारखा मास्तरनं घेतल्या हायत. त्या वाजन.” कुणीतरी विचारलं, “वाजवन कोन?” तुम्ही म्हणालात, “तुमी वाजवा. चुकान तं मी सांगन.” मग तुम्ही कलारनेटवाल्या भाऊंना त्यांच्याच आवडत्या चालीत ते नेहमी कुठं घसरतात ते तोंडानं गाऊन दाखवलं, आणि नंतर ते नीट कसं व्हावं तेही गाऊन दाखवलं. वीस वर्षं मास्तरांची तालीम पुढच्या खोलीत चालायची आणि तुम्ही मागं चुलीपाशी असायच्या. मधल्या भिंतीतून तुम्ही सगळ्यांचं सगळं पाठ करून ठेवलं होतं, आणि त्याचा पत्ता मास्तरांनाही नसावा.

मग तुमची नजर माझ्यावर आली. “हा पोट्टा बैलाले हाका मारते ना, तं वैनगंगेपल्याड आयकू जाते. याच्या गळ्यात बास टाका.” बाबा म्हणाले, “बाई, याले सा समजत नाई का रे समजत नाई.” तुम्ही म्हणालात, “चालता येते ना? मंग झालं.” तेव्हा सगळे हसले, मीही हसलो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला पावसाळ्यात कळलं.

पावसाळ्यात लग्नं नसतात आणि भाताच्या रोवण्या असतात. तुम्ही बायांच्या रांगेत गुडघाभर चिखलात पऱ्हे, भाताची रोपं, लावत होत्या आणि मी धुऱ्यावर, शेताच्या जेमतेम वीतभर रुंद बांधावर, तो पितळी हत्ती पट्ट्यानं खांद्याला अडकवून येरझाऱ्या घालत होतो. एका पावलात छाती भरून घ्यायची आणि ती सात पावलं पुरवायची. आठव्या पावलाला पुन्हा. तुम्ही वर न पाहता, हात चिखलात ठेवून, बासची ओळ गात होत्या, भूं, भूं, आणि बाकीच्या बाया त्यावर हसून हसून वाकत होत्या. मी चुकलो की पऱ्ह्यांची एक जुडी येऊन पाठीवर आदळायची. “पाय मोजते गा, डोस्कं नाई मोजत! डोस्क्यानं मोजशीन तं चिखलात पडशीन.” आणि मी खरोखरच पडलो, दोनदा, बाससकट. दुसऱ्यांदा तुम्ही रांग सोडून धावत आलात, मला वाटलं मला उचलायला. तुम्ही आधी बास उचलला, त्याच्या तोंडातला चिखल बोटानं काढला आणि मग मला म्हणालात, “तू उठ आपल्या हातानं, तुले हात हायत.” संध्याकाळी तुमच्या अंगणात तोच बास आपण चिंच आणि राखेनं घासला. त्याच्या अंगावरचा एकेक पोचा तुम्हाला ठाऊक होता, कुठल्या लग्नातला, कुठल्या बैलबंडीतून पडला. तोंडाला मात्र तुम्ही तो कधी लावला नाही. मी एकदा म्हटलं होतं, बाई, फुंकून तर पाहा. तुम्ही म्हणालात, “मी फुंकला तं उद्यापासून तुमाले लग्नात कोन बलावन?” आणि घासत राहिलात.

असंच एकदा बास घासत असताना मतदारांची यादी करणारा माणूस अंगणात आला. पहिलंच मतदान होतं. वही उघडून त्यानं विचारलं, नाव? तुम्ही डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणालात, “मास्तरची बायको लिव.” तो म्हणाला, “बाई, तुमचं नाव पाहिजे.” तुम्ही म्हणालात, “मत द्याचं हाय ना? देईन मी. नावाचं काय लोनचं घालतं?” तो हसला, मी हसलो, त्यानं तसंच लिहून घेतलं. पुढं अशी सगळी नावं यादीतून काढून टाकली म्हणे. मतदानाच्या दिवशी तुम्ही ठेवणीतलं लुगडं नेसून गेलात आणि तशाच परत आलात. त्या दिवशी तालीम मात्र अंधार पडेपर्यंत चालली.

वैशाखातल्या तारखा वाजल्या. त्याच्या पुढच्या वर्षीच्याही वाजल्या. तुम्ही वरातीच्या बाजूनं, बायांच्या घोळक्यातून चालायच्या, पाहणाऱ्याला वाटावं वऱ्हाडातलीच कुणी बाई आहे, आणि आमच्यापैकी कुणी घसरला की तुमच्या हातातली काठी दोनदा जमिनीवर वाजायची. लोक मात्र म्हणत, “मास्तर गेले पन बँड काय ठेवून गेले!” जेवणाच्या पंगतीत, तीही शेवटची, बाजेवाल्यांची, आमच्या बँडची माणसंही मान डोलावून म्हणत, “मास्तरचा हात हाय वरून.” तुम्ही तिथंच वाढत असायच्या. तुमच्या तोंडावरची रेष हलायची नाही. मला तुम्ही शिकवलं होतं, “बास आयकू नाई आला पायजे गा. थांबला का मंग आयकू आला पायजे.” मला तेव्हा वाटायचं, तुम्ही फक्त बासविषयी बोलताय.

सावली गावी मालगुजाराच्या घरच्या लग्नात ते पाहुणे भेटले. ते विद्यापीठात नोकरीला होते. एक संस्थान विलीन झालं होतं, तिथल्या राजाचा बँड मोडला होता, आणि त्याची वाद्यं आणि बँडमास्तर असं दोन्ही विद्यापीठाच्या संगीत शाळेच्या पदरात पडलं होतं. त्यांना विद्यार्थी हवे होते. सतार-तबल्याला रांग लागायची, बासला कुत्रं फिरकत नव्हतं. पाहुणे म्हणाले, हा पोरगा पाठवा, फी माफ होईल. मी तुमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं की मी जाणार नाही. पुढच्या लग्नसराईच्या तारखा घेतल्यात, बासशिवाय बँड कसा उभा राहील. चुलीवर लाखोळीची डाळ होती. तुम्ही पळी खाली ठेवली. तुम्ही माझ्यावर ओरडायच्या ते नेहमी शेतात, लोकांसमोर. घरात आवाज चढवलेला मी तेव्हाच ऐकला. “तू इथी राह्यला तं बँडले बास भेटन. तू गेला तं मले काय भेटन, ते तुले समजत नाई का? माह्या मालकाचा बँड म्हनते, म्हनू दे. बँड त्याईचाच हाय. पन तू? तुह्या हातात बास दिला तवा ते कुठी होते? एका कागदावर तरी चढू दे का याले बाईनं शिकवलं. सरकारी कागदावर. मंग मी मेली तरी चालन.” मग पळी उचलली आणि म्हणालात, “डाळ करपून राह्यली तुह्यापायी.” तेवढं एकच मागणं तुम्ही आयुष्यात माझ्याकडे केलं.

छोट्या रेल्वेनं, मग मोठ्या रेल्वेनं, दोन दिवस गाडीत बसून मी त्या गावी पोचलो. प्रवेशाच्या खिडकीपाशी रांग होती. कारकून एकेक रकाना वाचायचा आणि उत्तर लिहून घ्यायचा. गुरूच्या नावाला आला. मी म्हटलं, बाई. “बाई? कोण बाई? गाणारी?” त्यानं मागं वळून पाहिलं, दुसरा कारकून हसला, रांगेतली सतारवाली पोरं हसली. बाईनं भोंगा शिकवला म्हणे! माझे कान तापले, आणि मी मास्तरांचं नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. त्या माणसानं हयात असताना मला कधी बासला बोट लावू दिलं नव्हतं. कारकुनानं नाव झोकात लिहिलं. मी आजवर, ज्या दोन-तीन माणसांना हे सांगितलं, त्यांना असंच सांगितलं की कारकून हसला म्हणून माझी जीभ फिरली.

शिक्षा लगेच मिळाली म्हणायची. आमचे सर, ते राजाचे बँडमास्तर, गोव्याकडचे, करड्या मिशांचे, त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. बास मांडीवर, समोर कागद, पाय जमिनीला घट्ट. कोपऱ्यात लाकडाचं एक यंत्र टकटक करायचं. आणि बाई, मला वाजवता येईना. दोन वर्षं ज्यानं रात्रभर वराती ओढल्या त्याला सोळा मात्रांची ओळ येईना, कारण माझे पाय बंद होते आणि मोजणी पायात होती. कधी दोन मात्रा पुढं, कधी एक मागं. कागद वाचायला शिकलो, श्वास लांब झाला, सूर तर सरांना पहिल्या दिवसापासून आवडला होता, पण ताल आला की मी धुऱ्यावरून खाली. सहामाहीला सरांनी मला बोलावून सांगितलं, “आवाज देवानं दिलाय तुला. पण वार्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतील. तिथं असं झालं तर मी तुला ठेवू शकणार नाही.” मी पहाटे उठून खुर्चीवर बसायचो, गुडघ्यांना पंचा बांधायचो म्हणजे पाय हलणार नाहीत, आणि डोक्यानं मोजायचो. डोस्क्यानं मोजशीन तं चिखलात पडशीन. रोज पडत होतो. परत जायचं मात्र एकदाही मनात आलं नाही. रिकाम्या हातानं तुमच्या अंगणात उभं राहण्यापेक्षा मी तिथं झाडू मारला असता.

परीक्षेच्या दिवशी तिघे परीक्षक टेबलामागं बसले होते. मी खुर्चीवर बसलो, पहिली ओळ सुरू केली, आणि चौथ्या मात्रेला मला कळलं की घसरतोय. मी थांबलो. उभा राहिलो. पट्टा खांद्यावर घेतला. म्हटलं, “सर, मी चालू का?” एका परीक्षकांना वाटलं मी खोलीबाहेर जातोय, ते म्हणाले, जा. मी म्हटलं, बाहेर नाही, इथंच. ते सरांकडे पाहून हसले. सर हसले नाहीत, त्यांनी मान हलवली. खोली सहा पावलांची होती. मी भिंतीपाशी वळलो, धुऱ्याच्या टोकाला वळतात तसा, आणि कागद खुर्चीपाशीच राहिला तरी मला त्याची गरज नव्हती, ओळ पाठ होती. एका पावलात श्वास, सात पावलं फुंक. शेवटपर्यंत गेलो, एक मात्रा सांडली नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्या खोलीत चिखल होता, आणि पाठ जुडीची वाट पाहत होती.

मी पास झालो. नंतर सरांनी विचारलं, “असं कुणी शिकवलं तुला?” तेव्हाही माझ्या कागदावर मास्तरांचं नाव होतं, आणि मी मास्तरांचंच सांगितलं. सर म्हणाले, मोठा माणूस असणार. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी ते चालणं हळूहळू माझ्या बुटात आणून ठेवलं, आधी टाच, मग फक्त अंगठा. आजही वाजवताना माझा उजवा अंगठा बुटात चालत असतो, कुणाला दिसत नाही.

तिसऱ्या वर्षी प्रमाणपत्र घेऊन मी थेट तुमच्याकडे आलो, घरीसुद्धा नंतर गेलो. तुम्ही हात धुऊन, पुसून, पाटावर बसलात. “वाच.” कागद इंग्रजीत होता. मी माझं नाव वाचलं, विद्यापीठाचं वाचलं, पहिला वर्ग वाचला. खाली ओळ होती, पूर्वशिक्षण अमुक यांजकडे, आणि तिथं मास्तरांचं नाव होतं. मी वाचलं, “गुरू, बाई, ब्रह्मपुरी.” तुम्ही विचारलंत, “बाई? एवढंच?” मी म्हटलं, हो. “सरकारी कागदावर?” मी म्हटलं, हो बाई, तसंच लिहिलंय. तुम्ही हसलात. म्हणालात, “बस, जेव आता.” माझ्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढलात, विचारलंही नाही. मला वाटलं, निभावलं.

ते प्रमाणपत्र तुम्ही मागून घेतलंत आणि मास्तरांच्या फोटोशेजारी काचेत लावलंत. तुम्ही गेलात त्या वर्षी हायस्कूलचे हेडमास्तर मला घाटावर भेटले. ते म्हणाले, तू कागद आणलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाई तो पदराखाली धरून माझ्याकडे आल्या होत्या. मी वाचून दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, “माह्या मालकाचं नाव नीट लिवलं हाय ना?” मी हो म्हटलं. म्हणाल्या, “मंग बरं.” आणि कागद घेऊन गेल्या. कागद आणल्यानंतरही दोन लग्नसराया मी सुट्टीत येऊन तुमच्यापुढं बास वाजवला, तुम्ही काठी आपटलीत, वाढलंत, रागावलात. या गोष्टीचा एक शब्द काढला नाहीत. मला तुमचा राग सोसला असता. हे सोसत नाही.

म्हणून यावेळी हा रकाना मी सोडणार नाही. गेला महिनाभर, पुस्तकाविषयी कानावर आलं तेव्हापासून, मी हिंडतोय. ग्रामपंचायतीत तुमच्या मृत्यूची नोंद आहे, तिथं मास्तरांचं नाव आहे आणि पुढं ‘यांची विधवा पत्नी’ आहे. सातबाऱ्यावरही तसंच. मतदारयादीचं तुम्हाला माहीतच आहे. सावलीला तुमच्या माहेरी गेलो, भावाचा नातू भेटला, म्हणाला, आम्ही आत्याबाई म्हणायचो, आजोबा तर नुसतं बाई म्हणायचे, लहानपणापासून. बँडातले सगळे गेले, एक ताशावाला उरलाय, त्याला विचारलं तर म्हणाला, “बाईचं नाव? बाई.” पण त्यानं एक सांगितलं. तुमच्यासोबत रोवणीला येणारी एक बाई अजून आहे, वैनगंगेपलीकडे लेकीकडे राहते, नव्वदीची, ऐकू कमी येतं पण आठवण साबूत. एकाच वर्षी दोघी लग्न होऊन आल्या होत्या. उखाण्यात तुम्ही मास्तरांचं नाव कसं घ्यायच्या ते तिला येतं म्हणे. मग तुमचं नाव मास्तरांनी कसं घेतलं, तेही तिला येत असेल. उद्या पहिल्या एसटीनं निघतोय. फॉर्म सोबत घेतलाय, पेनही. तिनं सांगितलं तर तिच्या ओसरीवर बसूनच लिहीन. तिलाही आठवलं नाही तर पुढचं गाव शोधीन. महिनाअखेरपर्यंत फॉर्म मागितलाय. नाही मिळालं तर उशिरा पाठवीन, पण मास्तरांचं नाव पुन्हा लिहिणार नाही.

हे पत्र कुठं टाकणार, पाकिटावर घालायलाच माझ्याकडे काही नाही. जाता जाता एवढंच, बाई. त्या खिडकीवरचा कारकून हसला हे खरं आहे, पण तो नंतर हसला. आधी त्यानं नीट विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, “बाई ठीक आहे, नाव काय त्यांचं?” आणि मी तुमच्या हातचं दोन वर्षं जेवलो होतो, आणि मला ते माहीत नव्हतं.